वर्तुळ, शिरोरेषा आणि वाचक : देवनागरीतील भौमितिक टाइपफेसचा आढावा

वर्तुळ, सरळ रेषा आणि काटकोन अशा मोजक्या भौमितिक आकारांवर अक्षरांची घडण बेतायची, रेषेची जाडी सर्वत्र जवळपास सारखी ठेवायची आणि रेषांच्या टोकांना कोणताही अलंकार द्यायचा नाही, या तत्त्वावर सिद्ध झालेल्या अक्षरमालेला भौमितिक सॅन्स सेरिफ टाइपफेस म्हणतात. रोमन अक्षरांच्या टोकांना जी बारीक आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात आणि ‘सॅन्स’ म्हणजे ती नसलेले. टाइपफेस म्हणजे अक्षरांचे समान वळण असलेले संपूर्ण कुटुंब, तर फाँट म्हणजे त्या कुटुंबातील एखादी विशिष्ट जाडी किंवा रुंदी साठवणारी संगणकीय फाइल. गेल्या दीड दशकात मराठी जाहिराती, मोबाइलवरील सेवा, बँकांची संकेतस्थळे आणि शहरांतील दिशाफलक यांवर या प्रकारची देवनागरी मोठ्या प्रमाणावर दिसू लागली आहे; त्यामुळे बोरूने लिहिली गेलेली आणि शिरोरेषेला टांगलेली लिपी भूमितीच्या शिस्तीत कितपत बसते आणि बसली तरी ती सर्व कामांना पुरते का, हा प्रश्न आता केवळ कलाशाळांपुरता उरलेला नाही.

महानगरापासून दूरच्या ठिकाणी हा प्रश्न अधिक स्पष्ट दिसतो. गोंदिया जिल्ह्यातील चोरखमारा हे गाव नागझिरा अभयारण्याच्या कडेला आहे आणि अभयारण्याचे एक प्रवेशद्वार तेथे आहे. १९९९ साली भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला हा जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांना भिडलेला असून मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी या भाषा तेथे शेजारी नांदतात. अशा परिसरात एकच टाइपफेस रस्त्याच्या फलकावर दुरून वाचला जावा लागतो, सातबारा उताऱ्याच्या कोष्टकात दाटीवाटीने बसावा लागतो, स्वस्त मोबाइलच्या लहान पडद्यावर उमटावा लागतो आणि झाडीपट्टीतील नाटकाच्या पोस्टरवर ठळकपणे उठून दिसावा लागतो. बहुउपयोगी या विशेषणाचा खरा अर्थ या चार कामांच्या अंतरात आहे आणि प्रस्तुत आढाव्यात त्याच मोजमापाने आजवरच्या प्रयत्नांकडे पाहिले आहे.

रोमन लिपीतील भौमितिक वळणाचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरते. एडवर्ड जॉन्स्टन यांनी १९१६ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी केलेल्या अक्षरांत पूर्ण वर्तुळाकार ‘ओ’ होता. पुढे १९२६ मध्ये याकोब एर्बार यांचा एर्बार आणि १९२७ मध्ये पाउल रेनर यांचा फुटुरा व रुडोल्फ कोख यांचा काबेल जर्मनीत प्रसिद्ध झाला. रेनर यांच्या आरंभीच्या आराखड्यांत काही लहान अक्षरे केवळ वर्तुळ, चौकोन आणि ठिपके यांतून बनवलेली होती, परंतु ती ओळखू येण्यास कठीण असल्याने अंतिम कुटुंबात मुख्य अक्षरे म्हणून टिकली नाहीत. जी टिकली तीही कंपासने काढलेली नव्हती, कारण समान जाडीची आडवी रेषा डोळ्याला उभ्या रेषेपेक्षा जाड भासते, गोल अक्षर चौकोनी अक्षराइतक्याच उंचीचे काढले तर ते लहान दिसते आणि वर्तुळ जेथे उभ्या दंडाला मिळते तेथे काळा डाग साचतो. म्हणून आडव्या रेषा किंचित बारीक करणे, गोलाई ओळीच्या थोडी बाहेर नेणे आणि सांध्याजवळ रेषा निमुळती करणे ही दुरुस्ती आवश्यक ठरली. आद्रियान फ्रुटिगर यांनी १९८८ मध्ये आव्हनीर हा टाइपफेस सिद्ध केला तेव्हा भूमितीला मानवी हाताच्या वळणाची जोड देणे हाच त्यांचा हेतू होता. भौमितिक दिसणे आणि भूमितीने मोजलेले असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा या परंपरेतून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

देवनागरीची पूर्वपीठिका मात्र सर्वस्वी वेगळी आहे. तिरक्या कापलेल्या बोरूने लिहिताना त्याचे टोक रोमन लेखणीच्या उलट कोनात धरले जाते, त्यामुळे गोलाईतील जाड आणि बारीक भाग रोमन अक्षरांच्या नेमके विरुद्ध बाजूंना येतात आणि ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटाला त्यांचा परिचित झोल मिळतो. छपाईच्या काळात हे वळण धातूच्या खिळ्यांत उतरवणे हे मोठे कौशल्याचे काम होते. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले आणि त्यानंतरच्या पिढीत जावजी दादाजी चौधरी यांच्या निर्णयसागर छापखान्याने राणोजी रावजी आरू यांच्या हातून उतरलेल्या अक्षरांच्या बळावर देवनागरी खिळ्यांचा असा आदर्श निर्माण केला की मराठी व संस्कृत ग्रंथांच्या वाचकांची दृष्टी अनेक दशके त्याच वळणावर घडत गेली. जोडाक्षरे, मात्रा, रफार आणि उकार यांमुळे खिळाजुळाऱ्याच्या केसमध्ये शेकडो घरे लागत असत आणि एका शब्दासाठी वरखाली अनेक तुकडे जुळवावे लागत.

यंत्राच्या सोयीसाठी लिपीच बदलावी, हा विचार याच अडचणीतून बळावला. विनायक दामोदर सावरकर यांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी, ज्यात इ, ई, उ या स्वरांऐवजी ‘अ’लाच वेलांटी आणि उकार जोडले जात, ही त्या प्रवृत्तीची मराठीतील सर्वांत परिचित निष्पत्ती होय. १९५३ मध्ये लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याची शिफारस केली होती, परंतु वाचकांच्या सवयीपुढे ती काही वर्षांतच मागे घ्यावी लागली. त्याच चर्चेतील ‘ख’ची सुधारणा मात्र रुजली. जुन्या वळणात ‘ख’ हा ‘र’ आणि ‘व’ या दोन सुट्या अक्षरांसारखा दिसत असे, तो नव्या वळणात खालच्या बाजूने जोडला गेला. यंत्राला सोपी पण डोळ्याला परकी वाटणारी सुधारणा टिकली नाही आणि वाचताना होणारा घोटाळा दूर करणारी सुधारणा टिकली, ही नोंद भौमितिक टाइपफेसच्या चर्चेत फार मोलाची आहे. या सर्व प्रवासाची पद्धतशीर मांडणी शासकीय मुद्रणालयाशी दीर्घकाळ संबंधित असलेल्या बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देवनागरी मुद्राक्षरकलेवरील आपल्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात केली असून देवनागरी अक्षरांच्या रचनेचा कोणताही अभ्यास आजही त्या ग्रंथापासून सुरू होतो.

साध्या, समान जाडीच्या देवनागरीचा आधुनिक शोध १९६० च्या दशकात दिसू लागतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आद्रियान फ्रुटिगर यांनी देवनागरीवर काम केले आणि महेंद्र पटेल यांनी तो विचार पुढे अध्यापनातून व भारतीय लिप्यांच्या रेखाटनातून वाढवला. मुंबईत रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी जाहिरात व्यवसायातून आयआयटीच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात येऊन सुलेखन, लिपीचा इतिहास आणि संगणक यांना एकत्र आणले. पुढे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात त्यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोहोचला. मंगल भौमितिक नाही, पण निरलंकार, जवळपास समान जाडीची देवनागरी दैनंदिन कामकाजाची लिपी होऊ शकते, हे त्याने सिद्ध केले. त्याच काळात युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच संकेतांक मिळाला आणि ओपनटाइप या फाँटरचनेमुळे जोडाक्षरे निवडण्याचे नियम फाँटमध्येच भरणे शक्य झाले. खिळाजुळाऱ्याच्या केसने घातलेली घरांची मर्यादा त्यामुळे संपली.

या पायावर उभ्या राहिलेल्या अलीकडच्या टाइपफेसमध्ये दोन स्पष्ट प्रवाह दिसतात. पहिल्या प्रवाहाचा प्रातिनिधिक नमुना म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीने प्रसिद्ध केलेला ‘पॉपिन्स’, ज्यातील रोमन अक्षरे जॉनी पिनहॉर्न यांनी आणि देवनागरी अक्षरे निनाद काळे यांनी रेखाटली. नऊ जाड्या आणि त्यांची तिरकी रूपे मिळून या कुटुंबात अठरा फाँट आहेत आणि प्रत्येकात हजाराहून अधिक चिन्हे आहेत. त्याची देवनागरी जवळपास एकाच जाडीच्या रेषेची आणि स्पष्टपणे वर्तुळावर आधारलेली आहे. देवनागरीच्या मूळ अक्षरांची उंची रोमन लहान अक्षरांच्या वर जाणाऱ्या दंडाइतकी ठेवून आणि रोमन मोठी अक्षरे त्याहून किंचित बुटकी करून दोन्ही लिप्या एका ओळीत समतोल दिसतील अशी त्यात व्यवस्था केलेली आहे. दुसऱ्या प्रवाहाचा नमुना म्हणजे मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्ता’, ज्यामागे गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांचे काम आहे. तोही निरलंकार आणि समान जाडीचा आहे, परंतु त्याच्या गोलाईत बोरूचा झोल शिल्लक ठेवला आहे. देवनागरीबरोबर गुजराती, गुरुमुखी आणि तमिळ लिप्यांपर्यंत वाढलेले हे कुटुंब सात जाड्यांत उपलब्ध आहे. याच संस्थेचा २०२२ मधील ‘अनेक’ हा टाइपफेस आणखी एक पाऊल पुढे जातो, कारण त्यात जाडी आणि रुंदी या दोन्ही गोष्टी वापरणाऱ्याला सलगपणे कमीअधिक करता येतात आणि भारतातील अनेक लिप्या एकाच योजनेत बसवल्या आहेत. वरील तिन्ही टाइपफेस मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध असल्याने लहान गावातील फ्लेक्स छापणाऱ्यालाही ते वापरता येतात, हा त्यांच्या उपयुक्ततेचा महत्त्वाचा भाग आहे.

या दोन प्रवाहांतील निवड समजण्यासाठी अक्षरांच्या शरीररचनेकडे वळावे लागते. रोमन अक्षरे खालच्या ओळीवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात आणि त्यांचे खालचे टोक ‘र’, ‘द’, ‘ड’, ‘ह’ यांमध्ये निरनिराळ्या उंचीवर संपते. भौमितिक शिस्तीचा ओढा ही सर्व टोके एका पातळीवर आणण्याकडे असतो आणि तसे केल्यास शब्दाची खालची कड सपाट होऊन अक्षरे ओळखण्याची एक महत्त्वाची खूण नष्ट होते. शिरोरेषेचा प्रश्न याहून बिकट आहे. ती प्रत्येक अक्षराच्या माथ्यावरून अखंड जात असल्याने समान जाडीचे तत्त्व काटेकोर पाळले तर जाड फाँटमध्ये ओळीच्या वरच्या बाजूला सलग काळा पट्टा तयार होतो आणि मात्रा, रफार, अनुस्वार त्याला चिकटतात. त्यामुळे जाडी वाढत जाते तसतशी शिरोरेषा दंडापेक्षा बारीक ठेवणे ही देवनागरीतील अपरिहार्य दुरुस्ती आहे.

वर्तुळाचा वापरही असाच तपासून करावा लागतो. ‘ठ’ जवळपास पूर्ण वर्तुळ सहन करतो, ‘व’ आणि ‘क’ यांचे पोट दंडाच्या मध्याला लटकलेले असल्याने त्यांना लहान वर्तुळ लागते आणि ‘ग’, ‘म’, ‘भ’ यांच्या गाठी इतक्या लहान असतात की जाड फाँटमध्ये त्यांच्या आतली पोकळी बुजते. पोकळी म्हणजे अक्षराच्या रेषांनी वेढलेली किंवा अर्धी वेढलेली मोकळी जागा होय आणि वाचताना डोळा काळ्या रेषेइतकाच या पांढऱ्या जागेवर विसंबतो. एकच वर्तुळ सर्वत्र बसवले तर ‘व’ आणि ‘ब’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘प’ आणि ‘ष’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतील भेद एका लहानशा रेघेपुरता किंवा शिरोरेषेतील फटीपुरता उरतो. हस्तलेखनात हे भेद संपूर्ण वळणातून व्यक्त होत असत. भौमितिक घडणीत ते मुद्दाम जपावे लागतात.

चोरखमारा या नावाची अक्षररचना या सर्व अडचणींची एक उत्तम कसोटी आहे. त्यात ‘र’च्या लगेच पुढे ‘ख’ येतो आणि ‘ख’चा डावा भागही ‘र’च्याच आकाराचा असल्याने दोन सारखे आकार शेजारी उभे राहतात, ज्यांच्यातील भेद केवळ खालून ‘व’च्या पोटाला मिळणाऱ्या शेपटीवर अवलंबून असतो. ही शेपटी तोकडी काढली किंवा अक्षरांतील अंतर चुकले तर लिपिसुधारणेने मिटवलेला जुना घोटाळा पुन्हा उद्भवतो. या नावात ‘च’, ‘ो’, ‘ख’, ‘म’ आणि दोन काने मिळून सहा उभे दंड येतात. त्यांतील ‘म’ आणि त्याचा काना अगदी लगत असतात, तर दोन्ही ‘र’ दंडाविना मोकळी जागा सोडतात. त्यामुळे दंडांमधील अंतर मोजपट्टीने सारखे ठेवून भागत नाही, तर प्रत्येक अक्षराची आतली पोकळी आणि शेजारच्या अक्षराशी असलेले अंतर यांचा एकत्रित विचार करावा लागतो. रात्री गाडीच्या दिव्यांत परावर्तक फलकावरील अक्षरांभोवती प्रकाश पसरतो आणि बारीक फटी भरून येतात, म्हणून ‘म’ची गाठ आणि ‘च’चे पोट मोकळे ठेवणे जंगलालगतच्या रस्त्यावर विशेष आवश्यक ठरते.

याच जिल्ह्यातील इतर नावे उरलेल्या कसोट्या पुरवतात. ‘तिरोडा’ आणि ‘गोंदिया’ यांतील ऱ्हस्व वेलांटीची कमान आपल्या अक्षराच्या योग्य भागापर्यंत पोहोचली पाहिजे. अक्षरांची रुंदी वेगवेगळी असल्याने एका वेलांटीने हे साधत नाही आणि चांगल्या फाँटमध्ये निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या रेखाटून योग्य ती आपोआप निवडण्याचे नियम लिहिलेले असतात. ‘अर्जुनी’मध्ये वर रफार, खाली उकार आणि पुढे दीर्घ वेलांटी एकत्र येतात, तर ‘गोंदिया’त मात्रा आणि अनुस्वार एकाच माथ्यावर बसवावे लागतात. कोष्टकातील अंकांचा प्रश्न याहून वेगळा आहे. देवनागरी ‘४’ रोमन आठासारखा आणि ‘१’ रोमन नवासारखा भासू शकतो आणि भौमितिक घडणीत हे साम्य वाढते; शिवाय जमिनीच्या क्षेत्राचे किंवा रकमांचे आकडे एकाखाली एक नीट येण्यासाठी सर्व अंक समान रुंदीचे असलेला स्वतंत्र संच फाँटमध्ये असणे गरजेचे ठरते.

सीमेवरील जिल्ह्यात भाषेनुसार बदलणाऱ्या अक्षररूपांचा प्रश्न पुढे येतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण मानली, तर हिंदीत या अक्षरांची वेगळी रूपे रूढ आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही भाषांच्या ‘ल’ला एकच संकेतांक असल्याने कोणते रूप दिसावे हे फाँट आणि मजकुराला जोडलेली भाषेची खूण यांवर ठरते. ही खूण जोडलेली नसली किंवा फाँटमध्ये मराठी रूपच नसले तर ‘सालेकसा’ हे मराठी गावाचे नाव हिंदी वळणात उमटते. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधील अर्धा र, त्याचप्रमाणे २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळालेला ‘ॲ’ यांचीही स्थिती अशीच आहे. मराठीच्या या गरजा हिंदीसाठी केलेल्या टाइपफेसला नंतर जोडलेले ठिगळ म्हणून भागवल्या गेल्या तर त्या अक्षरांची जाडी आणि वळण उरलेल्या मजकुरापासून वेगळे पडते. गोंडीच्या संदर्भात हा विचार देवनागरीच्याही पलीकडे जातो. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाटचे मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये निर्माण केलेल्या गोंडी लिपीला २०१७ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. त्यामुळे या प्रदेशासाठी खऱ्या अर्थाने बहुउपयोगी टाइपफेस घडवायचा तर मसराम गोंडी लिपीचे जोडरूपही त्याच जाडीत आणि त्याच काळजीने रेखाटले जाणे उचित आहे.

या आढाव्यातून दिसणारे चित्र बरेच आशादायक आहे, तरी ते सर्वत्र सारखे नाही. शीर्षके, बोधचिन्हे आणि थोडक्या शब्दांचे फलक यांसाठी वर्तुळप्रधान देवनागरीने आपली योग्यता सिद्ध केली असून तिच्या स्वच्छ, आत्मविश्वासपूर्ण रूपामुळे मराठी मजकूर रोमन मजकुराच्या शेजारी दुय्यम दिसत नाही, ही तिची मोठी कामगिरी होय. सलग वाचनाचा मजकूर, लहान आकार आणि अतिजाड फाँट या तीन ठिकाणी मात्र बोरूचा झोल थोडा तरी राखणारे वळण अधिक समर्थ ठरते, कारण अक्षरांमधील भेद त्यात अधिक ठळक राहतात. म्हणून देवनागरीतील भौमितिकता एका वर्तुळाच्या पुनरावृत्तीत शोधण्याऐवजी शिरोरेषा, दंड, पोट आणि पोकळी यांच्या परस्परप्रमाणात शोधणे योग्य होय. ही प्रमाणे कुटुंबातील सर्व जाड्यांत सुसंगत राहिली की प्रत्येक अक्षर स्वतःच्या वळणात राहूनही संपूर्ण टाइपफेस एका शिस्तीचा दिसतो आणि वाचकाला अक्षर ओळखण्यासाठी थांबावे लागत नाही.

पुढील कामाची दिशाही यातूनच ठरते. आजवर टाइपफेसची परीक्षा बहुधा रेखाटनकारांच्या आणि जाहिरातसंस्थांच्या डोळ्यांनी झाली आहे. आता ती शाळकरी मुले, वृद्ध वाचक, वाहनचालक आणि तलाठी कार्यालयात उतारा वाचणारे शेतकरी यांच्या प्रत्यक्ष वाचनावर झाली पाहिजे. शासनाने किंवा एखाद्या संस्थेने महाराष्ट्रासाठी नवा टाइपफेस करवून घेताना नमुन्याच्या पानावर सुभाषितांबरोबर राज्यातील गावांच्या नावांची निवडक यादी, सातबाऱ्याचे एक पूर्ण कोष्टक आणि मराठी-हिंदी अशा दुभाषी फलकाचा मजकूर ठेवावा आणि त्यांत उत्तीर्ण होणे ही स्वीकृतीची अट करावी. निर्णयसागरच्या खिळ्यांनी जी वाचनीयता केवळ पुस्तकांच्या वाचकाला दिली ती आज फलक, फोन आणि कागद या सर्व ठिकाणी प्रत्येक मराठी वाचकाला देण्याची साधने रेखाटनकारांच्या हाती आली आहेत. त्यामुळे दूरच्या गावाचे नावही राजधानीच्या नावाइतक्याच काळजीने रेखाटले जाणे ही यापुढे प्रत्येक टाइपफेसची किमान अपेक्षा मानली पाहिजे.